कापेलच्या नळातला क्लोरीन

“अरे, आंघोळ कशात करू मी? टबात तुझं पाणी, बादल्यांत तुझं पाणी, कुकरमध्येसुद्धा तुझंच पाणी!”

बायको ओरडत होती. कापेल आन डेन आयसेल या डच गावातल्या आमच्या सहाव्या मजल्यावरून तिचा आवाज सुटला, की खालच्या कालव्यातली बदकं दिशा बदलतात.

“हात लावू नकोस! क्लोरीन उडतोय,” मी म्हणालो.

“उडू दे. अकराला तुझा इंटरव्ह्यू आहे. दोन वर्षांतला पहिला. शर्टाला इस्त्री केलीस?”

नव्हती केली. मी आदल्या दिवसापासून पाण्याची राखण करत होतो. घरी बिअर करायची तर नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी घालवावा लागतो. दिवसभर उघडं ठेवायचं, मग उकळायचं, वर चिमूटभर व्हिटॅमिन सी. आणि या विषयात मी काही ऐरागैरा नव्हे. नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात बारा वर्षं क्लोरीनवरच होतो. मी एक दिवस रजा घेतली, की अख्ख्या तालुक्याला जुलाब. मी टाकीवर नुसता वाकून बघितलं तरी जंतू मरतात, असं आमचे साहेब म्हणायचे. म्हणजे कोणी विचारलं असतं तर म्हणाले असते.

बायकोला इथे नोकरी लागली, मी तिच्या व्हिसावर मागून आलो आणि घरात बसलो. अर्ज केले. नकार इतके सभ्य, की उलट आभार मानावेसे वाटत. हिवाळ्यात साडेचारलाच अंधारून यायचं आणि मी दिवा न लावता तसाच बसून राहायचो, ती येईपर्यंत. एकदा क्रिंगलूपमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, बिअर करायचं पिंप दिसलं. निदान पाण्याशी संबंध येईल म्हणून उचललं.

तीन वेळा केली. तिन्ही वेळा दवाखान्याची चव. शेजारच्या झूटरमेर गावचा एक मित्र घोट घेऊन म्हणाला, “यासोबत इंजेक्शन पण घ्यायचं का रे?” मी गुन्हेगार तिथल्या तिथे ओळखला. नळ सोडला की मला तो वास यायचाच. क्लोरीन तपासायची पेटी माझ्या सूटकेसमध्ये पडून होती. दोन थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं. पण ओळखीच्या माणसाचं आधार कार्ड कोण मागतं?

इंटरव्ह्यू पाणी कंपनीत होता. गावोगावच्या नळांचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत तपासायचे. ही नोकरी मिळाली तर मी परत पाण्याचा माणूस होणार होतो. समोर पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. म्हटलं, सुरुवातीलाच छाप पाडावी.

“तुमच्या पाण्यातला क्लोरीन मी घरच्या घरी शंभर टक्के काढतो.”

“आम्ही पाण्यात क्लोरीन घालत नाही,” बाई म्हणाल्या.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मग जे करायला नको होतं तेच मी केलं, वाद घातला. माझ्या नाकाची बारा वर्षांची नोकरी सांगितली. क्लोरीनशिवाय पाईपांत काय काय जगतं त्याचं असं वर्णन केलं, की दोन-चार जंतू त्या टेबलावरच जन्माला आले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या.

घरी येऊन पहिल्यांदा ती पेटी उघडली. किचनचा नळ, दोन थेंब. काही नाही. बाथरूमचा नळ. काही नाही. मग बिअरसाठी धुऊन ठेवलेल्या पिंपाच्या तळातलं चमचाभर पाणी घेतलं. हळदीसारखं पिवळं! पिंप मी दर वेळी क्लोरीनवाल्या ब्लीचने धुवायचो आणि विसळायचो जेमतेम. शेवटच्या नळापर्यंत थोडा क्लोरीन उरलाच पाहिजे, ही आमच्या खात्याची शिकवण, ती हातातून जात नव्हती. अख्ख्या देशात पाण्यात क्लोरीन घालणारा मीच एकटा निघालो. ती काचेची नळी मी बराच वेळ उजेडाकडे धरून बसलो.

संध्याकाळच्या आत मेल आला. नकारसुद्धा इथे वेळेवर येतो.

बायको आली, तिने कोट काढला. मी सगळं रंगवून सांगायला घेतलं, पण जंतूंपाशी येऊन रंगवणं सोडून दिलं. नोकरी हुकली म्हणून सांगितलं. पिंपाचं सांगितलं. ती उभ्यानेच ऐकत होती.

“इथल्या पाण्यात क्लोरीन नसतोच,” मी म्हणालो.

“माहीत आहे. ऑफिसमध्ये कुणीतरी म्हणालं होतं, मागच्या हिवाळ्यात.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू दिवसभर घरी असायचास. निदान क्लोरीन काढायचं काम तरी होतं.”