ट्रॉलीचा हुक

बुटीबोरीच्या कापड कारखान्यात मी आणि माझा मित्र एकाच खात्यात होतो. तो फिटर, मी सुपरवायझर. दर हिवाळ्यात आपापल्या मोटरसायकली काढून चिखलदरा, पचमढी, कुठंही जायचो. मी निवृत्तीनंतर लांबच्या प्रवासासाठी मोठी मोटरसायकल घेतली, आणि त्याच वर्षी साखरेपायी त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. नकली पाय त्याला मानवला नाही. चाकाची खुर्ची आली आणि तो कामठीच्या घरात बसून राहिला.

गाडीच्या मागच्या सीटला पाठ टेकायला आधार होता. तो बसू शकला असता. अडचण खुर्चीची होती. म्हणून मी सुचवलं, गाडीमागे हुक लावू, छोटी ट्रॉली जोडू, खुर्ची तिच्यात. तो चिडला.

"माह्या खुर्चीसाठी नव्या गाडीले काहून भोक पाडून राहिला गा?"

भोक पाडायचं नाही, मी म्हणालो, पण मग हुक बसवायचा कुठं ते तूच सांग.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोन करून गाडी अंगणात आणायला सांगितली. खुर्चीतून सतरंजीवर उतरला, आडवा झाला आणि गाडीच्या पोटाखाली हात घालून चाचपत राहिला. गाडीच्या दोन्ही बाजूंच्या सामानाच्या पेट्या ज्या बोल्टांवर होत्या, तिथंच हुकाच्या लोखंडी पट्ट्या कसायच्या असं ठरलं. पुठ्ठ्याचा साचा त्यानं स्वतः कापला. यंत्रमागांची दुरुस्ती करणाऱ्या शेजारच्या वर्कशॉपातून मी पट्ट्या वेल्डिंग करून आणल्या. पहिल्या खेपेला त्या सायलेन्सरला घासल्या, परत नेल्या. मी पाना फिरवायचो आणि तो ओरडायचा, एका बाजूनं घट्ट करू नको, दोन्हीकडून थोडं थोडं आवळ.

वहिनी चहा घेऊन आल्या, दारातच थांबल्या. "लय दिवसानं यांचा आवाज मोठा झाला," त्या हळूच म्हणाल्या.

ट्रॉली जोडून, साखळी अडकवून आम्ही मौद्याच्या रस्त्याला लागलो. वेग वाढला तशी ट्रॉली मागे झुलू लागली आणि हँडल माझ्या हातात थरथरायला लागलं. मी घाबरलो. त्यानं खांदा घट्ट धरला.

"ब्रेक नको मारू. फक्त रेस सोड."

गाडी आपसूक मंदावली. कडेला थांबल्यावर कळलं, खुर्ची मी ट्रॉलीच्या अगदी मागच्या टोकाला बांधली होती. ती पुढं सरकवली. मग ट्रॉली मुकाट मागे आली.

पुढच्या रविवारी रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर गेलो. मी खुर्ची उतरवून उघडली. ढकलायला हात लावणार तोच त्यानं मला बाजूला व्हायला सांगितलं आणि चाकं स्वतः फिरवत पाण्याजवळ गेला. बराच वेळ एकटाच बसला. मी गाडीजवळ उभा राहून उगाच बोल्ट तपासत होतो.

परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "हिवाळ्यात पचमढी."

गेलो. घाटात मी ट्रॉली सांभाळत प्रत्येक वळण लांबून घेत होतो आणि तो मागे गाणी म्हणत होता.

आता तो लेकीकडे पुण्यात असतो. फोनवर गाडीची चौकशी करतो. मी एकटाच, ट्रॉलीशिवाय निघतो, तरी वळण आलं की ट्रॉलीसाठी सवयीनं जरा लांबून वळतो.