फादरांच्या झग्यावरचे पिवळे ठिपके

तळोज्याच्या कारखान्यांतून आमच्यावर काय पडतं, ते सिद्ध आम्हीच करायचं. सोडणाऱ्यांनी नाही! कॉलनीतल्या ठिपके पडलेल्या चादरी घेऊन मी प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात गेले, तर तिथले साहेब म्हणाले, "साबण बदलून बघा, मॅडम."

मग एकदा चर्चच्या गच्चीवर वाळत घातलेला फादरांचा झगा दिसला. पांढरा, पायघोळ, गळ्यापासून खालपर्यंत बटणं, आणि खांद्यांवर हळद शिंपडल्यासारखे पिवळे ठिपके. मी चर्चला जाणारी नाही, पण पाद्र्याच्या झग्याला साबण बदल म्हणायची छाती कुणाची आहे?

"फादर, हा धुवायचा नाही. हा पुरावा आहे."

"माझ्याकडे दोनच आहेत गं."

"मग दुसरा जपून वापरा."

फोटो पाठवला. चादरींना न हललेले साहेब झग्यासाठी पाहणीला आले! बूट बाहेर काढले, फादरांना हात जोडले. मी म्हटलं, झगा आणा. फादरांचं जेवण-धुणं करणाऱ्या गावातल्या मावशींनी हँगरवर झगा आणला. पांढराशुभ्र. नीळ, खळ, कडक इस्त्री.

"मावशी, काय केलंत हे?"

"काय केलंत म्हंजे? सायब येनार न फादरचा झगा तसा दावू? लाज नाय वाटत तुला? घासून घासून हात गेलं माजं!"

साहेबांनी बाही चाचपली. "इतका पांढरा तर माझा शर्ट निघत नाही. हवा उत्तम दिसतेय."

"बाहेर घाला आणि बघा!" मी ओरडले.

"घालूच," मावशी म्हणाल्या. "खालची शिवण ओली हाय आजून."

आम्ही गच्चीवर चहा पीत झग्याकडे बघत बसलो. "वारा आज उलटा आहे," फादर हळूच म्हणाले. मला वाऱ्याचाच संताप आला. तोही मॅनेज झाला होता की काय! मग तो फिरला. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. झग्याच्या कॉलरवर एक ठिपका उमटला, मग बाहीवर दुसरा. मी टाळ्या वाजवल्या.

साहेब चष्मा वर करून वाकले. "गंज आहे. तारेचा."

"दोरी नायलॉनची आहे, साहेब!"

"मग नायलॉनचा असेल."

अहवाल आला: प्रदूषण आढळले नाही, धार्मिक वस्त्रे घरात वाळवावीत. मी दातओठ खात तो मावशींना वाचून दाखवला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे माजी धुनी खराब?"

त्या दिवसापासून तो झगा त्यांनी पाण्याला लावला नाही. पुढच्या मोर्च्याला त्या सगळ्यांच्या पुढे होत्या, बांबूवर तो झगा चढवून. आमचा झेंडा मागे राहिला. फादर दुसऱ्या झग्यात शेवटी चालत होते; त्यांच्या खांद्यांवरही पिवळं पडत होतं. कार्यालयाच्या फाटकाशी मावशींनी बांबू माझ्या हातात दिला आणि पदर खोचला.

"धर गो. मी बोलतंय सायबाशी. आन खाली टेकवू नको, मळंल."