हरसूलच्या बाजारात न वळलेली गाडी

ती जुनी पांढरी गाडी आणि तिचा मालक मला अजून जसेच्या तसे दिसतात. मी सातवी शिकलेला माणूस. पोलीस खात्यात ड्रायव्हर शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. कायद्याची पुस्तकं मला फार कळली नाहीत, पण गाडीच्या बाबतीत मला कोणी शिकवावं असं तेव्हाही वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. तरी ही केस सांगतो, कारण इथे मी गाडीतच चुकलो.

दसरा होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील. हरसूलचा बाजार भरलेला. दुपारी गर्दीतून ही गाडी हळूहळू येत होती. कोपऱ्यावर उजवीकडे वळायचं सोडून ती सरळ भांड्यांच्या दुकानात शिरली. दुकानदाराचा पाय बंपर आणि फळीच्या मध्ये सापडून मोडला. गाडीवाला पळाला नाही. त्यानंच जखमीला उचलून एका जीपमध्ये घातलं आणि आमची वाट बघत रस्त्यावर बसून राहिला.

एवढंच असतं तर साधा अपघात. पण संध्याकाळी आमचा एक खबऱ्या आला. बाजारात दोर विकायचा. म्हणाला, मागच्याच बाजारी या दोघांची गाडी लावण्यावरून जुंपली होती आणि गाडीवाला सगळ्यांसमोर ओरडला होता, "एक दिवस दुकानच उडवतो तुझं." दोन साक्षीदार निघाले. झालं, केसचा रंग बदलला. मुद्दाम घातली असं ठरलं तर खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागणार आणि हा माणूस कित्येक वर्षं आत जाणार. त्याच्या पाड्यावर गाडी एवढी एकच. आजारी माणूस असो की अडलेली बाई, नाशिकला तिच्यातूनच जायची.

गाडी ठाण्याच्या आवारात ओढून आणली. आरटीओचे निरीक्षक यायला चार-सहा दिवस लागणार होते. आमचे साहेब मला म्हणाले, "तुम्ही तर गाड्यांतले पंडित. सकाळी बघून घ्या." मी सकाळी गाडी चालू केली, स्टेअरिंग डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं. बोटानं फिरत होतं. ब्रेक दाबून पाहिला, ठीक. माझा जबाब लिहून घेतला गेला, गाडीत दोष नाही. खाली मी ऐटीत सही केली.

मग चौकशी. तीन दिवस कोठडी मिळाली होती. मी त्याला ओरडून पाहिलं, चहा पाजून पाहिलं. भांडण झाल्याचं त्यानं पहिल्या मिनिटाला कबूल केलं. तोंडातून शब्द गेला, म्हणाला, रागात माणूस बोलतो. पण गाडीवर आलं की एकच वाक्य.

"सायेब, मी वळवली. ती वळलीच नाय."

"माझ्या हातानं कशी वळते मग?"

"ते मला काय माहीत? तुमचा हात सरकारी हाय."

बाहेरचा शिपाई हसला, मला राग आला. पण एक गोष्ट डोक्यात राहिली. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या दिवशी गोष्ट थोडी सुधारून आणतो. यानं एक अक्षर बदललं नाही.

तिसऱ्या दिवशी जागा करायची म्हणून गाडी दोघांनी ढकलून बाजूला घेतली. खाली मातीत तांबूस ओला डाग होता, पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला. बोट लावून वास घेतला. इंजिनाचं ऑइल काळं असतं, हे नव्हतं. हे पॉवर स्टेअरिंगचं, चाक हलकं फिरवणारं तेल. तिथेच उकिडवा बसून राहिलो. मी गाडी तपासली होती थंड इंजिनावर, दोन मिनिटं. तो चालवत होता घाट चढून तापलेली.

साहेबांना सांगितलं. त्यांनी आरटीओच्या निरीक्षकांना त्याच दुपारी बोलावून घेतलं. गंगापूर रोडला गॅरेज असलेले एक जुने मेकॅनिक होते, सगळे त्यांना चाचा म्हणत, त्यांनाही आणलं. दोन पंच उभे केले. इंजिन अर्धा तास चालू ठेवलं आणि मग मी स्टेअरिंग शेवटपर्यंत फिरवायला गेलो. आधी कुईं असा आवाज, मग इंजिनाचा पट्टा किंचाळला आणि स्टेअरिंगचं चाक दगडासारखं झालं. दोन्ही हातांनी ओढलं तरी वळेना.

चाचांनी तेलाची डबी उघडली. तेल तळाशी, तेही फेसाळलेलं. "हवा खाते आहे," म्हणाले, "थंड असते तोवर निभावते. पण गळते कुठून?" पाइप पुसून पाहिले, कोरडे. मग त्यांनी पट्टा काढला, तो तेलानं चिंब. पंपाची पुली उतरवली आणि चिमट्यानं आतून काहीतरी ओढू लागले. येतच राहिलं. हातभर नायलॉनचा दोरा, पंपाच्या दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेला, त्याला झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. त्या दोऱ्यानं पंपातलं तेल अडवणारं ऑइल सील कापलं होतं.

गाडीवाल्याची बायको भाकरी घेऊन फाटकाशी बसली होती. तिला बोलावून दोरा दाखवला. ती ओशाळली. दसऱ्याला सगळे गाडीला बाहेरून हार घालतात. हिनं बॉनेट उघडून इंजिनालाही माळ बांधली होती.

"पळतं ते इंजिन, दादा. मग पूजा नुसत्या पत्र्याची का करायची?"

माळ दिसेना तेव्हा वाटेत गळून पडली असं तिला वाटलं. कोणाला हसू आलं नाही. चाचांनी तेवढं सांगितलं, "बेटी, पुढच्या वर्षी हळदकुंकू लाव, दोरा नको."

गाडीवाला पूर्ण निर्दोष होता असं नाही. आठ दिवस तो कुईं आवाज ऐकत होता आणि चालवत होता, हे मग त्यानंच सांगितलं. निष्काळजीपणाचा गुन्हा राहिला, तो त्यानं कोर्टात कबूल केला. पण मुद्दाम घातल्याचं कलम गेलं. कोर्टाच्या हुकमानं गाडी सुटल्यावर चाचांनी नवं सील टाकलं, नवा पट्टा चढवला, ताजं तेल भरलं आणि हवा निघेपर्यंत चाक सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिले. पुढे दुकानदाराचं प्लॅस्टर काढायचं आलं, तेव्हा तो याच गाडीतून नाशिकला गेला. मी विचारलं तर म्हणाला, "दुसरी भरवशाची गाडी हाय कुठं? आणि आता हिचं स्टेअरिंग तालुक्यात सगळ्यात चांगलं."

पंचनाम्याच्या संध्याकाळी साहेब मला म्हणाले होते की निरीक्षकांचा अहवाल आहेच, तुमचा आधीचा कागद तसाच राहिला तरी चालेल. मला ते सोपं होतं. पण तो माणूस तीन दिवस एकच खरं वाक्य बोलत होता आणि त्याच्याविरुद्ध सगळ्यात जड कागद माझा होता. मी पुरवणी जबाब द्यायला बसलो. सांगितलं, माझी पहिली तपासणी थंड इंजिनावर केलेली व अपुरी होती. लेखनिकानं वर बघून विचारलं, "खरंच लिहू?"

मी म्हणालो, "लिही. माणसालाही मी असाच थंड असताना तपासत आलोय, तेवढं मात्र लिहू नको."

मी सही केली. त्यानंतर नोकरीत कोणी मला "वळलीच नाय" असं काही सांगितलं, तर आधी मी त्याच्याबरोबर घाट चढून यायचो, आणि मगच कागदाला हात लावायचो.