आठ नंबर आगरतळ्याला गेला

सुभेदारकाका नव्या माणसाला गाव विचारत नसत, रस्ता विचारत. "कोणत्या रस्त्यावरचे तुम्ही?" समोरचा गोंधळून गावाचं नाव सांगायचा आणि काका त्याला लगेच जागेवर बसवायचे. "कराड? म्हणजे अठ्ठेचाळीसवाले. आपल्या दारातलेच की. अजमेर रोडला लागा आणि सुटा." जयपूरहून कराड हजारावर किलोमीटर आहे, पण काकांच्या हिशेबात महामार्गाचा नंबर एकच असला की माणसं शेजारी.

मला त्यांनी हा प्रश्न चौदा एप्रिलला विचारला. जयपूरच्या शास्त्री नगरात आम्हा रेल्वेवाल्या मराठी कुटुंबांची जयंतीची पंगत असते आणि लष्करातून निवृत्त झालेली चार-सहा घरंही येतात. मी पंगतीत पत्रकं वाटत होते. बाबा डोळ्यांनी नको म्हणत होते, पण जयंतीला पत्रक वाटायचं नाही तर कधी वाटायचं?

"हिंगणघाटची," मी म्हटलं. "मतलब, बाबा तिकडचे. मी इथलीच."

"हिंगणघाट. जुना सात, नवा चव्वेचाळीस. श्रीनगर ते कन्याकुमारी, मधोमध तुम्ही," असं म्हणत त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि माझं पत्रक वाचायला घेतलं. वाढप्याने भाताचा डाव पुढे केला तरी मान वर नाही. काकू शेजारून म्हणाल्या, "वाढ रे तू. यांना नातवंडांचे वाढदिवस आठवत नाहीत, मैलाचे दगड आठवतात."

पत्रक कशाबद्दल होतं ते सांगते. अजमेर रोडवर, बायपासच्या पुढे, एक वस्ती आहे. वस्ती रस्त्याच्या एका बाजूला आणि शाळा दुसऱ्या बाजूला. मधे सहा पदरी महामार्ग. मी तिथे संध्याकाळी मुलींना शिकवायचे. त्यातल्या पिंकीचा पाय हिवाळ्यात एका गाडीखाली मोडला, आणि ती घरी बसली तशा आणखी पाच जणींना आयांनी घरी बसवलं. आमची मागणी एवढीच होती: तिथे पट्टे मारा आणि रस्ता ओलांडणाऱ्यांसाठी सिग्नल द्या. अर्ज तीनदा दिला. तिन्ही वेळा एकच उत्तर आलं: सदर मार्ग या कार्यालयाच्या अखत्यारीत नाही. मग मी पत्रक काढलं. मथळा होता 'झूठा दफ़्तर, अंधी सरकार'.

काकांनी पूर्ण वाचलं. मथळ्याला त्यांनी हात लावला नाही. फक्त एका ठिकाणी लाल गोल काढला. मी लिहिलं होतं: राष्ट्रीय राजमार्ग ८.

"खरं बोलायलेत गं ते हापिसवाले," काका म्हणाले. "आठ नंबर त्यांच्याकडं न्हाईच."

"काका, ढाब्यांच्या पाट्यांवर आठ आहे. ट्रकवाले आठ म्हणतात. वस्तीतलं शेंबडं पोरही आठच म्हणतं."

"म्हणू दे. पंधराएक वर्षं झाली नंबर बदलून, हा आता अठ्ठेचाळीस. आठ नंबर आता तिकडं त्रिपुरात आहे. तू आगरतळ्याच्या रस्त्यावर सिग्नल मागायलीस, पोरी. तेबी तीनदा."

पंगत हसली. बाबासुद्धा हसले. मी उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली.

काका मूळचे बीड जिल्ह्यातल्या गेवराईचे. फौजेत गाडीवर होते, पुढे गाड्यांच्या ताफ्यांचे प्रमुख झाले. शेवटची नेमणूक जयपूरची, आणि निवृत्तीनंतर इथल्या सोडाला भागात दोन खोल्या घेऊन इथेच राहिले. गावाला का गेला नाहीत असं कोणी विचारलं की म्हणत, "गाव कुठं लांब आहे? टोंक रोडनं जातो तो बावन्न. तोच इंदूर करतो, धुळं करतो, छत्रपती संभाजीनगर करतो आणि आमच्या गेवराईवरनं सोलापूरला जातो. वळण चुकलं न्हाई तर दारात."

पंगतीनंतर त्यांनी मला बाजूला घेतलं. मी चिडूनच होते. म्हटलं, कुठल्या तरी बंद खोलीत बसून देशभरच्या रस्त्यांची नावं बदलायची, रस्त्यावरच्या माणसाला कळवायचं नाही आणि मग त्याचाच अर्ज परत करायचा, ही कुठली पद्धत?

"न्हाई कळवलं हे वाईटच," काका म्हणाले. "पण बदललं ते बरं केलं. जुने नंबर कसेबी होते. जयपूरला आठ, अकरा, बारा. का, म्हणून विचारलं तर कुणाला सांगता येत नव्हतं. आता बघ." त्यांनी पत्रावळीच्या मागे बोटाने भारत काढला. "सम आकडा उभा चालतो, उत्तर-दक्षिण. विषम आडवा. उभे पूर्वेकडनं मोजायचे, आडवे वरनं खाली. मग आठ कुठं असंल?"

"सम आहे. म्हणजे उभा. लहान आकडा, म्हणजे... पार पूर्वेला."

"आन तीन आकडी असला तर तो फाटा. एकशे अठ्ठेचाळीस हे अठ्ठेचाळीसचं लेकरू. आडनाव शेवटी लागतं. नंबर वाचता आला की नकाशा लागत न्हाई, आन कुणाच्या पाया पडायचंबी काम न्हाई."

हे शेवटचं वाक्य मला पटलं. पाया न पडण्याबद्दल कोणी बोललं की मी ऐकते.

त्यांनाही या बदलाचा चटका बसला होता, फक्त ते तो हसत सांगत. तरुणपणी ते आगरतळ्याच्या घाटात ताफे न्यायचे. तेव्हा तो रस्ता चव्वेचाळीस होता. "माझा चव्वेचाळीस तुमच्या हिंगणघाटला दिला आन जयपूरचा आठ तिकडं धाडला. रस्ते जागेवरच, बदली नुसती नंबरांची. आमच्या फौजेसारखंच."

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या स्कूटरवरून वस्तीजवळ गेलो. पिवळ्या डोक्याचा किलोमीटरचा दगड गाठून काकांनी स्कूटर लावली आणि चालायला लागले. दगडापासून मुली रस्ता ओलांडतात त्या जागेपर्यंत पावलं मोजायची होती. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं आहे यावर त्यांचा इतका विश्वास होता की मी टेप आणली म्हणून ते थोडे रुसले. पावलांचा आणि टेपचा आकडा जवळपास जुळला. जो फरक पडला तो त्यांनी टेपच्या माथी मारला.

अर्ज लिहिताना मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. माझ्या मसुद्यात 'निर्लज्ज', 'बेफिकीर' आणि 'खून' असे शब्द होते. काकांनी तिन्हींवर लाल रेघ मारली.

"राग कापायचा नाही, काका. सांगून ठेवते."

"राग ठेव की. दुसऱ्या पानावर ठेव. पहिल्या पानावर जागा सांग. विशेषणाला कोण भेटायला येणार हाय? जागेला माणूस येतो."

अर्ज नऊ ओळींचा झाला: मार्ग अठ्ठेचाळीस, अमुक किलोमीटर, अमुक मीटर, डावीकडे वस्ती, उजवीकडे शाळा, रोज एवढ्या मुली. दुसऱ्या पानावर माझा राग, अक्षरही न बदलता. कार्यालयातल्या कारकुनाने पहिलं पान वाचलं, भिंतीवरच्या तक्त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, "हाँ जी, ये तो हमारा ही है।" आणि शिक्का मारला. दुसरं पान त्याने वाचलं की नाही मला माहीत नाही. हिवाळ्यापासून मी ज्या वाक्यासाठी घोषणा दिल्या, ते वाक्य मला नुसता पत्ता नीट लिहून मिळालं, याचा मला तेव्हा आनंदापेक्षा संतापच जास्त आला.

तरी पुढचे सात महिने खेटे घालावे लागलेच. दर दोन आठवड्यांनी मी जायचे, काका सोबत यायचे आणि बाकावर बसून तिथल्या शिपायाला त्याचा रस्ता विचारायचे. शेवटी पट्टे मारले गेले, खांब उभा राहिला, दिवे लागले.

पहिल्या दिवशी आम्ही शाळा सुटायच्या वेळी गेलो. मी फलक आणला होता, दोन मैत्रिणी ढोलक घेऊन आल्या होत्या. काकांनी फलकाकडे पाहिलंही नाही. ते सिग्नलपाशी उभे राहून येणाऱ्या गाड्यांकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता इतका ताणलेला होता. दिवा लाल झाला. पहिल्या पदरात एक भरलेला ट्रक येत होता. तो थांबेल की नाही, ते त्या क्षणी कोणत्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

ट्रक थांबला. मागच्या गाड्याही थांबल्या. पिंकी जरा लंगडत पुढे, बाकीच्या मागे, अशा सगळ्या पलीकडून आल्या.

काका चालत ट्रककडे गेले. चालकाने घाबरून काच खाली केली. "क्या हुआ, बाबूजी?"

"कुछ नहीं। रुक गए, अच्छा किया।"

"लाल थी तो रुक गए जी," तो म्हणाला आणि काही न कळून हसला. दिवा हिरवा झाला, मागून हॉर्न वाजले आणि ट्रक अजमेरकडे निघून गेला.

"त्याचे कसले आभार?" मी विचारलं. "थांबणं त्याचं कामच आहे."

"भरल्या गाडीला ब्रेक मारणं काय असतं ते तुला ठाऊक न्हाई," काका म्हणाले. "पुढल्या पत्रकात तुझ्या सरकारला लिही, बिलकुल लिही. पण रोज ब्रेक मारणारा ह्यो हाय. ह्याला कुणी काही लिहीत न्हाई."

काका गेल्या वर्षी काकूंना घेऊन गेवराईला राहायला गेले. ते निघाले त्या महिन्याचं आमचं पत्रक मी ढाब्याढाब्यांवर जाऊन ट्रकवाल्यांना वाटलं होतं. त्यात एकही शिवी नव्हती आणि ते लिहायला मला चार दिवस लागले. त्यात शाळा कुठे आहे, सुटते किती वाजता, पिंकी कोण, हे लिहिलं होतं. आणि खाली: थांबता, त्याबद्दल आभार.