सरांची हजेरी

आमच्या कॉलेजच्या खो-खो टीममधल्या दोघी जरी कुठं भेटल्या, तरी कलशेट्टी सरांचा किस्सा निघतोच. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. बेचाळिसाव्या वर्षी गेले आमचे कोच. आम्ही रडायला म्हणून जमतो आणि हसून हसून उठतो. मग घरी गेल्यावर जिची तिला रडू येतं. ते काही चुकत नाही.

सरांचा एक खडूस नियम होता. सकाळी सहाला ग्राउंडवर हजेरी. एखादी आली नसेल, तर ती येईपर्यंत बाकीच्यांनी राऊंड मारायचे! सर स्वतः सगळ्यांच्या पुढं.

एकदा पद्मा वेळेत आलीच नाही. चार दिवसांनी नळाला पाणी आलेलं, भरल्याशिवाय आई सोडेना. ती पोचली तेव्हा आमचा चौदावा राऊंड चालला होता. आम्हाला बघून तिनं भोकाडच पसरलं. सर धापा टाकत म्हणाले, "रडतीस कशाला? एवढं पाणी भरून आलीस, ह्यांना जरा पाज की!"

त्या दिवसापासून ग्राउंडवर पहिली पद्मा.

मी सेकंड इयरला असताना वडिलांनी माझं खेळणं बंद केलं. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होते ते. एकदा नाही म्हणाले की नाही. सर घरी आले. दोन प्लेट पोहे खाल्ले, लूमच्या गप्पा मारल्या, खेळाचा विषयच नाही! मला तर रागच आला. निघताना चपला घालता घालता म्हणाले, "मामा, उद्या ही आली न्हाय तर अकरा पोरी पळत राहत्यात. मी पन. तेवढं ध्यानात असू द्या."

वडिलांनी दार लावून घेतलं. सकाळी सव्वासहाला मात्र मला स्कूटरवर घालून थेट ग्राउंडवर आणलं. सर घामाघूम.

"किती राऊंड झाले?" वडिलांनी विचारलं.

"सहा."

"उद्यापास्नं टायमात आनतो."

पुढं कॉलेज संपेपर्यंत मला तेच सोडायला यायचे.

अकलूजला आम्ही एका गुणानं हरलो. परतीच्या एसटीत कुणी काही खाईना. सरांनी घरून आणलेली भाकरी आणि शेंगाचटणी काढली. "खावा! हरल्यावर भूक लागत नसंल, तर तुमी खेळलाच न्हाय म्हना." डबा पाच मिनिटांत रिकामा! सरांच्या वाटणीला काही उरलं का, हे एकीलाही सुचलं नाही. आता आठवलं की लाज वाटते.

गेल्या वर्षी सरांना कॅन्सर निघाला. केमोनंतर एक दिवस ग्राउंडवर येऊन त्यांनी टोपी काढली. फर्स्ट इयरची एक मुलगी बघतच राहिली. सर म्हणाले, "बघतीस काय? आता वारं अडत न्हाय. पळाया लई सोपं!" पोरी हसल्या. तेव्हा सरांसोबत पद्माच प्रॅक्टिस घ्यायची. ती पाठ करून उभी राहिली.

ॲडमिट होताना सर तिला म्हणाले, "माझ्यापायी एक दिवस बी प्रॅक्टिस बुडवायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी पोरींनी हजेरीत सरांचंच नाव घेतलं. सर नाहीत म्हटल्यावर सगळ्या निघाल्या राऊंड मारायला! सरांना हे कळलं. मग रोज सहाच्या ठोक्याला दवाखान्यातून पद्माला फोन यायचा. ती स्पीकर लावायची. "हजर हाय गं बायांनो! थांबा आता."

दोन महिने असं चाललं. शेवटी शेवटी फक्त "हजर" एवढंच ऐकू यायचं.

त्या सकाळी सहाला सरांच्या बायकोचा, वहिनींचा, फोन मला आला. सर पाच वाजता गेले होते. "पद्माला फोनवर नको सांगू, तिथं जाऊन सांग," वहिनी म्हणाल्या. जुळे सोलापुरातल्या घरातून ॲक्टिव्हा काढली. काय बोलायचं ते वाटेत दहादा घोकलं.

ग्राउंडवर पोचले तर सगळ्या पळत होत्या. पद्मा पुढं.

"सरांचा फोन न्हाय आला अजून," ती पळता पळताच ओरडली.

मागून ती फर्स्ट इयरची मुलगी आली. "ताई, आले का सर?"

मी गाडी स्टँडवर लावली. चपला काढल्या. आणि पद्माच्या शेजारून पळायला लागले.