कढई गप्प होईपर्यंत

आमच्या आत्याला सगळे हॅलोआत्या म्हणायचे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची सगळी नोकरी कानांच्या जोरावर झाली. पलीकडचा माणूस नुसता खाकरला तरी तो कोण आणि घरी भांडून आलाय का, हे ती सांगायची. तिच्याशी खोटं बोलायची आमच्यात कुणाची टाप नव्हती.

तेच कान स्वयंपाकघरातही. तिच्या फिंगर चिप्सना तोड नव्हती. बटाटे कापून पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे, जुन्या सुती चादरीवर पसरून खडखडीत कोरडे करायचे. मंद आचेवर एकदा तळायचे, गार होऊ द्यायचे आणि मग कडक तेलात पुन्हा. एवढं कुणीही सांगेल. पण काढायचे कधी? ती तर कढईकडे पाठ करून खुशाल ओटा पुसत असायची. "बटाट्यात पाणी आहे तोवर तेल बडबडतं. कढई गप्प झाली की काढायचे. दाताखाली वाजला पाहिजे, नाहीतर मग उकडूनच खा की!"

मग तिला ऐकू येईनासं झालं. आधी एक कान गेला, पाठोपाठ दुसरा. यंत्र लावलं तर भांडी, पंखा, तेल, सगळं एकाच पत्र्यावर बडवल्यासारखं यायचं. तिने ते डबीत घालून ठेवलं आणि आम्ही तिच्याशी पाटीवर लिहून बोलू लागलो. तशात तिने चिप्स करायला घेतले आणि सवयीने कढई गप्प व्हायची वाट पाहिली. कढई तर पहिल्यापासूनच गप्प! तिने लगेच काढले, पांढरेफटक. काका, म्हणजे तिचे यजमान, "वा, वा" करत खात राहिले. तिने त्यांच्या जबड्याकडे पाहिलं आणि ताटली उचलून नेली. पुढच्या खेपेला सगळ्याचा कोळसा झाला.

"रंग बघून काढ ना," मी पाटीवर लिहिलं.

"रंग वरवरचा असतो गं. आतलं कसं कळणार मला?" तिने कढई घासूनपुसून माळ्यावर टाकली. "माझं तळण संपलं." नोकरी सुटली तेव्हाही ती इतकी खचली नव्हती. मला ते बघवत नव्हतं.

काकांनाही बघवलं नाही. एका रविवारी त्यांनी स्वतःच कढई खाली काढली. या माणसाच्या हातून पाणीसुद्धा करपायचं! मी गेले तेव्हा ते झारा तलवारीसारखा धरून हातभर लांब उभे होते आणि तेलात बटाट्यांचा एकच गठ्ठा झाला होता. आत्या दारात आली.

"अहो, सरका! घर पेटवाल!" झारा हिसकावून तिने गठ्ठा सोडवायला तेलात घातला आणि तशीच थांबली.

मला वाटलं, चटका बसला. पण तिने दांड्यावरची बोटं सैल केली, जराशी वर सरकवली आणि डोळे मिटले. तो चेहरा मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. ती ऐकत होती.

पहिलं तळण तिने तसंच, डोळे मिटून काढलं. गार झालेले बटाटे पुन्हा कडक तेलात सोडले आणि मला हाक मारली, फार मोठ्याने, कारण आपला आवाज केवढा येतो हे तिला आता कळायचं नाही. माझा हात तिने दांड्यावर ठेवला आणि वर स्वतःचा. दांडा थरथरत होता, घुरघुरणाऱ्या मांजराच्या पोटासारखा.

"बडबडतंय अजून," ती म्हणाली.

हळूहळू थरथर विरळ झाली, तुटक झाली. मग कडक झालेले बटाटे नुसते झाऱ्याला खरखरत लागू लागले. दोन धडधाकट कान असून मला हे कधी कळलं नव्हतं.

"गप्प झाली," आत्या म्हणाली.

तिने चिप्स उपसले, मीठ भुरभुरवलं. या वेळी तिने कुणाच्या जबड्याकडे पाहिलं नाही. एक उचलून स्वतःच चावला, आणि तिचा हात आपसूक गालाकडे गेला.

"अहो," ती सगळ्या घराला ऐकू जाईल अशी ओरडली, "वाजला!"