खरं-हाय-का टीचर

आमच्या टीचर शिकवायच्या इंग्रजीचं व्याकरण, पण तपासायच्या वेगळंच. वर्गात कुणी उठून ‘माय फादर इज अ डॉक्टर’ म्हटलं, की वाक्य बरोबर की चूक हे सांगायच्या आधी त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, ‘‘खरं हाय का?’’ पोरगं गडबडायचं. बाबा रिक्षा चालवतात, डॉक्टर गाईडातले आहेत, असं कबूल करायचं. ‘‘मग रिक्षावाल्यावर इंग्रजीत वाक्य होत न्हाय का?’’ असं म्हणून टीचर फळ्याकडे वळायच्या. भाईंदर पूर्वेच्या आमच्या मराठी शाळेत सहावी ते आठवीच्या सगळ्या वर्गांत त्यांचं नाव पडलं होतं ‘खरं-हाय-का टीचर’.

त्या राहायच्या उत्तनजवळ पालीला. रोज बसने भाईंदर पश्चिमेला यायच्या आणि पूल ओलांडून चालत शाळेत. नवरा पूर्वी बोटीवर जायचा. पाठ धरल्यापासून घरीच होता, त्यामुळे घर टीचरांवर चालायचं. एवढी वर्षं शिकवूनही त्या तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जितके तास शिकवाल तितकाच पगार आणि मे महिन्यात ठणठणाट. मी सातवीत होते त्या वर्षी हेडसरांनी त्यांना शब्द दिला होता, ‘‘टीचर, येत्या जूनमध्ये तुम्हाला कायम करतो.’’ ही बातमी टीचरांनी आम्हालाही सांगितली होती, इतका आनंद त्यांना लपवता आला नव्हता.

निबंधाच्या तासाला मात्र त्या आनंदी नसायच्या. आमच्या वर्गातली झाडून सगळी मुलं एकाच सहलीला गेलेली होती. सगळ्यांची बस पहाटे निघायची, सगळ्यांनी वाटेत गाणी म्हटली, सगळ्यांनी धबधबा पाहिला आणि सगळे दमून पण आनंदाने घरी परतले. ती सहल गाईडाच्या लेखकाची होती आणि तोही गेला असेल की नाही, याची टीचरांना शंका होती. ‘‘डब्यात काय होतं? बसमध्ये उलटी कोणाला झाली?’’ त्या विचारायच्या. उत्तर आलं नाही, की दहापैकी दोन मार्क. ते दोन सुवाच्य अक्षराचे.

व्याकरणही त्या असंच शिकवायच्या. पॅसिव्ह व्हॉइस आम्हाला एका झटक्यात समजला. ‘‘रस्ता दुरुस्त केला जाईल. पाणी सोडलं जाईल. कोण करणार, कोण सोडणार, ते सांगायचं न्हाय, तेव्हा हे वापरतात. ऑफिसात लई चालतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुम्ही लहान हाव. तुम्ही अ‍ॅक्टिव्ह लिहा.’’ त्या वर्षीच्या परीक्षेत पॅसिव्हचा एकही प्रश्न आमच्या वर्गात कुणाचा चुकला नाही.

पालक वैतागले होते. माझे पप्पा गिरगावातून इथे भाईंदरच्या जेसल पार्कला राहायला आले ते मुलीचं भलं व्हावं म्हणून, आणि मुलीला निबंधात दोन मार्क! ‘‘मॅडम, गाईडातलं इंग्लिश किती छान असतं हो. पोरांना खरं कशाला लिहायला लावताय? बोर्डाला थोडंच कळणारे?’’ असं ते तावातावाने बोलून आले. टीचरांनी त्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला पुढचा विषय दिला, ‘आमची बिल्डिंग’.

आता आमची बिल्डिंग म्हणजे शाळेच्या अध्यक्षांनीच बांधलेली. संस्था त्यांची, अर्ध्या वर्गाची घरंही त्यांनीच विकलेली. मी जे होतं ते लिहिलं. लिफ्ट दिवाळीपासून बंद आहे. चौथ्या मजल्यावरच्या आजी तेव्हापासून खाली उतरलेल्या नाहीत. बिल्डर अंकल फोन उचलत नाहीत. माझे वडील सोसायटीच्या सेक्रेटरींना गुड मॉर्निंग म्हणतात आणि ते गेल्यावर शिव्या देतात. टीचरांनी दहापैकी नऊ दिले आणि एक मार्क कापला तो ‘आजींचं नाव कुठाय?’ म्हणून.

ओपन डेच्या दिवशी हेडसरांनी चांगल्या अक्षरातले निबंध निवडून व्हरांड्यात लावले. वाचले नाहीत. इंग्रजी निबंध हा तोरणासारखा लावायचा असतो, वाचायचा नसतो, यावर आमच्याकडे सगळ्यांचं एकमत आहे. पालक आले, बोट ठेवून ओळीवरून ओळीवर गेले, ‘वा वा’ म्हणाले. पप्पांनी माझ्या निबंधाचा फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, ‘प्राउड फादर’. त्यावर सर्वांत आधी अंगठा आला तो सेक्रेटरींचा.

मग अध्यक्ष आले. त्यांना माझा निबंध फारच आवडला. ‘‘क्या हँडरायटिंग है! ये देखो, मराठी मीडियम!’’ असं म्हणत त्यांनी नेमकं ‘बिल्डर अंकल’वर बोट ठेवून हसतमुखाने फोटो काढून घेतला. हेडसरांनी तो भाईंदरमधल्या जितक्या ग्रुपवर टाकता येईल तितक्यांवर टाकला. संध्याकाळपर्यंत अभिनंदन चाललं होतं. जेवणाच्या वेळेला बी विंगमधल्या एका बेकार वकिलाने तो झूम करून वाचला.

दुसऱ्या दिवशी हेडसर वर्गात आले ते निरोप घेऊनच. अध्यक्षांचं म्हणणं साधं होतं. त्याच मुलीने त्याच विषयावर चांगला निबंध लिहावा, नवा फोटो निघेल, विषय संपला. ‘‘एक पान आहे हो टीचर,’’ हेडसरांनी हात जोडायचेच बाकी होते. ‘‘जूनचा विचार करा.’’

टीचरांनी माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. मग विचारलं, ‘‘लिफ्ट चालू झाली का गो?’’

‘‘नाही टीचर.’’

‘‘आजी?’’

‘‘वरच आहेत.’’

‘‘मग ही काय लिहिणार, सर?’’ त्या म्हणाल्या आणि कागद उचलून हेडसरांच्या हातात दिला.

आमच्या सोसायटीत त्या आठवड्यात टीचरांची फार वाहवा झाली. जिन्यात, पार्किंगमध्ये, दबक्या आवाजात. ‘‘बाई डेअरिंगबाज आहे.’’ ‘‘सही लिखवाया.’’ शाळेत जाऊन अध्यक्षांपुढे तेच बोलायला मात्र कुणी मोकळं नव्हतं. पप्पा म्हणाले, ‘‘मी एकटा जाऊन काय होणारे?’’ असे एकटे आमच्या बिल्डिंगमध्ये मजल्यामजल्यावर होते. एप्रिलमध्ये अध्यक्षांनी लिफ्ट दुरुस्त करून तिची फीत कापली, पेढे वाटले आणि त्याच महिन्यात टीचरांना कळवलं गेलं, की जूनपासून आपली सेवा आवश्यक नाही. कुणी ठरवलं, ते कागदात नव्हतं. त्यांच्या जागी मीरा रोडचे एक टाय लावलेले सर येणार होते. त्यांच्याकडे निबंधांची पीडीएफ होती.

शेवटच्या दिवशी आम्ही चार-पाच मुली टीचरांना उत्तनच्या बसपर्यंत सोडायला गेलो. नवऱ्याची औषधं घ्यायला त्या वाटेत थांबल्या, आम्हाला चिक्की घेऊन दिली. मला राग आला होता, अध्यक्षांचा, पप्पांचा, पेढे खाणाऱ्या सगळ्यांचा. मी म्हटलं, ‘‘टीचर, मी तुमच्यावर निबंध लिहिणार. मोठा. इंग्रजीत.’’

त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. पदराने पुसत म्हणाल्या, ‘‘माझ्यावर लिहायचं तर मराठीत लिही गो बाय. इंग्रजीत लिहिलेलं हितं सगळे बघतात, वाचत कोण न्हाय.’’